मागच्या ड्रम ब्रेकचे शू घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, आय१० अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं; ब्रेक मारला की आतले दोन अर्धगोल तुकडे, म्हणजे शू, त्याला आतून दाबतात. पुढचे पॅड घरी बदलणारे हौशी लोक पुष्कळ भेटतात, पण मागचा ड्रम उघडायला तेच लोक कचरतात. स्प्रिंगांचा पसारा बघून धीर सुटतो. खरं तर शू काढणं-बसवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. शू आणि ड्रम यांच्यातली फट नेमकी राखणं हे खरं काम, आणि घरी केलेलं काम फसतं ते तिथेच. म्हणून खालच्या उत्तरांत ती फट पुन्हा पुन्हा येईल.

शू झिजलेत हे ड्रम न उघडता कळतं का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो, ब्रेक पेडल जास्त खाली जाऊन मग पकडतं, ब्रेक मारताना मागून लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. काही गाड्यांत ड्रमच्या मागच्या पत्र्याला, म्हणजे बॅकिंग प्लेटला, रबरी बूच लावलेलं भोक असतं. बूच काढून बॅटरीच्या उजेडात शूवरच्या घासणाऱ्या थराची, म्हणजे लायनिंगची, कड दिसते.

नव्या शूवर साधारण चार-पाच मिलिमीटर लायनिंग असतं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये किमान जाडी एक मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. माझं मत विचाराल तर दोन मिलिमीटर उरलं की बदलून टाका. शेवटच्या मिलिमीटरसाठी ड्रम पणाला लावण्यात अर्थ नाही.

किती किलोमीटरला बदलायचे?

ठरावीक आकडा नाही. रोज द्रुतगती मार्गावर धावणारी गाडी आणि रोज महाबळेश्वर-वाई करणारी गाडी, दोघींचे शू सारखे कसे झिजतील? दर २० हजार किलोमीटरला ड्रम उघडून बघावं, हा हिशोब बरा. तसेही मागचे शू पुढच्या पॅडपेक्षा जास्त टिकतात, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात.

मी आजवर फक्त स्टेपनी बदलली आहे. मला जमेल का?

एकदा जाणकार माणसासोबत करा, दुसऱ्यांदा एकट्याने. पहिल्या वेळी पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि जवळचं स्पेअर पार्टचं दुकान उघडं असेल असा वार निवडा, कारण ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) गळका निघाला तर तो त्याच दिवशी लागतो. ज्यांना 'चालतंय की' म्हणून एखादी स्प्रिंग तशीच सोडून द्यायची सवय आहे, त्यांनी मात्र या कामाला हात लावू नये. ब्रेक बिघडला तर त्याची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस मोजतो.

हत्यारं काय काय लागतील?

जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाचा पाना, रिंग पाने आणि सॉकेटचा सेट, लांब नाकाची पक्कड आणि साधी पक्कड, एक मोठा आणि एक लहान स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, लाकडाचा ठोकळा, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, जास्त तापमान सोसणारं ग्रीस, मध्यम पॉलिश पेपर, मास्क, हातमोजे आणि चष्मा. चष्मा टाळू नका. ताणलेली स्प्रिंग पकडीतून सुटली की कुठे उडेल सांगता येत नाही. नट ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळणारा टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर कुणाचा तरी मागून आणा.

गाडी उचलताना काय काळजी घ्यायची?

हे उत्तर नीट वाचा. या कामात हँडब्रेक सोडलेला असावा लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. म्हणजे गाडी जागच्या जागी धरून ठेवणारी नेहमीची गोष्टच तुम्ही काढून घेतलेली असते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकला की पुढची चाकं इंजिनला जखडतात, तेवढा आधार मिळतो. पण ओम्नी, ईको, बोलेरो या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. त्यांत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. मागचं एक चाक जरी हवेत गेलं तरी डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) ते मोकळं फिरतं आणि गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळू शकते. अशा गाडीत पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पक्के ओट, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. गाडी कुठलीही असो, ओट हवेतच.

जागा सपाट आणि सिमेंटची हवी. पावसाळ्यात अंगणातल्या मातीत जॅक खचतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडीसोबत मिळालेला जॅक फक्त उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. उचलल्यावर कंपनीने दिलेल्या मजबूत जागेखाली जॅक स्टँड लावा. वीट, चिरा किंवा काँक्रीटचा पोकळ ब्लॉक टेकू म्हणून चालणार नाही. ते आधी तडकल्याची सूचना देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा आणि काम सुरू करण्याआधी गाडीला हाताने जोरात धक्का देऊन बघा. डगमगली तर उतरवा आणि पुन्हा लावा.

ड्रम निघतच नाही. काय करू?

आधी तुमच्या गाडीचा ड्रम कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. काही गाड्यांत ड्रम हबवर नुसता बसवलेला असतो. चाक निघालं, असल्यास एखादा लहान स्क्रू काढला की तो ओढून निघतो. मारुतीच्या अनेक गाड्यांत मात्र हब आणि बेअरिंग ड्रममध्येच असतात. तिथे मधली टोपी काढून आतला मोठा नट सोडवावा लागतो. जुन्या गाड्यांत त्या नटाला कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालून वाकवलेली तार) असते, नव्या गाड्यांत नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. असा ठोकलेला नट आणि कॉटर पिन दर वेळी नवी घालायची आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी करू नका.

प्रकार कळल्यावरही ड्रम अडत असेल तर कारणं दोनच. एक म्हणजे हबवरचा गंज. ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतील तर त्यात मापाचे बोल्ट, बहुतेकदा आठ मिलिमीटरचे, आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा. ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. भोकं नसतील तर लाकडी ठोकळा मध्ये धरून स्टडच्या, म्हणजे चाक बसतं त्या बोल्टांच्या, आसपास ठोका. ड्रमच्या काठावर थेट हातोडी मारू नका, ओतीव लोखंड तडकतं.

दुसरं कारण म्हणजे ड्रमच्या आतल्या कडेला झिजून तयार झालेली धार. शू त्या धारेच्या आत अडकतात. तिथे कितीही ठोकलं तरी उपयोग नाही. हँडब्रेकची केबल लिव्हरपाशी ढिली करा, बॅकिंग प्लेटच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने अॅडजस्टर (शू आणि ड्रममधली फट कमी-जास्त करणारा दांडा) मागे फिरवा, शू आत सरकले की ड्रम सुटतो.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू का?

अजिबात नाही. जुन्या आणि स्वस्त लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. अॅस्बेस्टॉस नसलं तरी ही बारीक धूळ फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी मारून ती ओली करा, खाली जुनं ताट ठेवून गाळ गोळा करा, फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. लहान मुलांना त्या वेळी जवळ उभं राहू देऊ नका. नवे शू घेताना खोक्यावर 'नॉन-अॅस्बेस्टॉस' लिहिलेलं पाहून घ्या.

ड्रम काढल्यावर आधी काय बघायचं?

व्हील सिलिंडर. शूच्या वरच्या टोकांना ढकलणारा हा छोटा सिलिंडर असतो आणि त्याच्या दोन्ही तोंडांना रबरी टोप्या असतात. लहान स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोपीची कड हलकेच उचला. आत नुसती ओल दिसली तर ठीक. ब्रेक ऑइलचा थेंब बाहेर आला किंवा टोपी ओलीचिंब होऊन फुगलेली असली तर सिलिंडर गेला. नवे शू घालून गळका सिलिंडर तसाच ठेवला तर ते शूही वाया जातात, कारण लायनिंगमध्ये मुरलेलं तेल कुठल्याही क्लीनरने पूर्ण निघत नाही. ओम्नी किंवा बोलेरोसारख्या गाडीत तेल आलेलं दिसलं तर ते मागच्या एक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइलही असू शकतं. ते दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

मग ड्रम. नखाने आतला पृष्ठभाग चाचपा. बारीक रेषा चालतात, नख अडकेल असे चर चालत नाहीत. जास्तीत जास्त किती व्यासापर्यंत ड्रम वापरायचा तो आकडा बहुतेक ड्रमवरच ओतलेला असतो. लेथवर टर्निंग करून घेतलं तरी त्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. उष्णतेने जळाल्यासारखे निळसर डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर ड्रम बदलाच.

एक ताकीद: ड्रम बाहेर असताना कुणीही ब्रेक पेडल दाबता कामा नये. पिस्टन बाहेर उडतो आणि मग सिलिंडरच खोलावा लागतो. घरात उत्साही मंडळी असतील तर चालकाच्या सीटवर चिठ्ठी ठेवा. सिलिंडरभोवती केबल टाय आवळून ठेवणं त्याहून चांगलं.

शू काढण्या-बसवण्याचा क्रम काय?

सर्वात मोठा नियम: एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू बंद ठेवा म्हणजे अडलं तर तिचा ड्रम काढून बघता येईल, फक्त ती आरशातल्यासारखी उलट आहे हे लक्षात ठेवा. खोलण्याआधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात आणि तिच्या हुकाचं तोंड आत की बाहेर, हे फोटोतच टिकतं.

प्रत्येक शूच्या मधोमध एक खोलगट गोल टोपी दिसेल. तिच्याखाली स्प्रिंग आणि बॅकिंग प्लेटच्या मागून आलेली चपट्या डोक्याची पिन असते. एक बोट मागून पिनच्या डोक्यावर टेकवा, पकडीने टोपी आत दाबा आणि पाव फेरा फिरवा. चपटं डोकं खाचेशी जुळलं की टोपी हातात येते. बोट मागे टेकवलेलं नसेल तर पिनच टोपीसोबत फिरत राहते आणि अर्धा तास झटापट होते. काही गाड्यांत टोपीऐवजी पट्टीची क्लिप असते, तीही दाबून सरकवूनच निघते.

पुढे शूची खालची टोकं अँकरमधून, म्हणजे ती टेकतात त्या पक्क्या आधारातून, बाहेर ओढा, मग खालची स्प्रिंग सैल पडते. वरची टोकं सिलिंडरपासून सोडवली की शू, अॅडजस्टरचा दांडा आणि वरची स्प्रिंग असा सगळा संच एकत्र खाली येतो. मागच्या शूवरच्या लिव्हरमधून हँडब्रेकची केबल काढली की काम संपलं. एकेक स्प्रिंग जागेवर उचकटत बसण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी सोपी.

नवा संच जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर जुळवा. नव्या शूला लिव्हर नसेल तर जुन्या शूवरची काढून घालावी लागते, तिची अर्धगोल क्लिप नवी घ्या. पुढचा आणि मागचा शू सारखे दिसले तरी लायनिंगची लांबी वेगळी असू शकते, अदलाबदल करू नका. डावा-उजवा अॅडजस्टरही अदलाबदल करू नका. दातेरी चाक असलेल्या प्रकारात त्यांचे आटे एकमेकांच्या उलट असतात, आणि चुकीच्या बाजूला घातला तर फट कमी करण्याऐवजी वाढवत जातो. स्प्रिंग गंजलेल्या किंवा ताणून सैल झालेल्या असतील तर त्यांचा संच बाजारात वेगळा मिळतो.

ग्रीस कुठे लावायचं?

बॅकिंग प्लेटवर शू जिथे घासतो तिथे थोडे उंचवटे असतात. ते पॉलिश पेपरने साफ करून प्रत्येकावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. उंचवट्यांवर खोल चर पडले असतील तर शू तिथे अडकतो आणि पेडल सोडलं तरी पूर्ण मागे येत नाही, हेही त्याच वेळी बघा. अॅडजस्टरच्या आट्यांना आणि लिव्हरच्या सांध्याला थोडं. बस्स. सिलिंडरच्या रबराला साधं ग्रीस, पेट्रोल, डिझेल लागू देऊ नका, रबर फुगतं. लायनिंगला हाताचं ग्रीस लागलं तर लगेच ब्रेक क्लीनरने पुसा.

बसवलं सगळं, पण पेडल निम्म्यापर्यंत खाली जातं. हवा शिरली का?

सिलिंडर किंवा पाइप खोलला नसेल तर हवा शिरायचं कारण नाही. फट जास्त राहिली आहे. 'ब्लीडिंग करा', म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढा, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील, पण आधी अॅडजस्टर बघा.

नव्या शूचं लायनिंग जाड असतं, म्हणून बसवण्यापूर्वी अॅडजस्टर पूर्ण मागे घ्यावा लागतो. तो मागेच राहिला तर शूला ड्रमपर्यंत पोचायला लांबचा पल्ला पडतो आणि पेडलचा प्रवास त्यातच खर्ची पडतो. उपाय असा: अॅडजस्टर थोडा वाढवा, ड्रम बसवा, हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर ड्रम काढून आणखी वाढवा. ड्रम जड होऊन अडायला लागला की थोडं मागे या. हाताने फिरवल्यावर पूर्ण फेऱ्यात एकसारखी, अगदी हलकी खसखस ऐकू यावी आणि तरीही ड्रम अडू नये, ही फट बरोबर. फेऱ्याच्या एकाच जागी घासत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय किंवा शू तिरका बसलाय. बेअरिंगवाल्या ड्रममध्ये दर वेळी नट काढणं परवडत नाही, तिथे बॅकिंग प्लेटच्या भोकातून समायोजन करा.

दोन्ही ड्रम बसल्यावर पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून सोडा. बऱ्याच गाड्यांत आपोआप चालणारा अॅडजस्टर आतल्या आत उरलेली फट खेचून घेतो, त्याची टिकटिक ऐकू येते. फट फार कमी ठेवण्याचा मोहही टाळा. शू सतत घासत राहिले तर ड्रम तापतो, लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होतं आणि नवे ब्रेक जुन्यांपेक्षा वाईट लागतात.

हँडब्रेक कधी आवळायचा?

सर्वात शेवटी. आधी केबल आवळून हँडब्रेक वर आणला तर शू अर्धवट बाहेर ढकललेले राहतात, आपोआप चालणारा अॅडजस्टर काम करत नाही आणि मूळ फट तशीच लपून राहते. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हाच शॉर्टकट मारलेला मी अनेक गाड्यांत पाहिलाय: हँडब्रेक घट्ट, पेडल मात्र खोल. आधी ड्रममधली फट लावा, मग केबल. किती क्लिकला धरायला हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हँडब्रेक पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात का, हे बघूनच गाडी खाली उतरवा.

ब्लीडिंग केव्हा करायचं आणि ब्रेक ऑइल कोणतं?

सिलिंडर बदलला किंवा पाइप खोलला तरच. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवा. ऑइल बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरा, डॉट ३ किंवा डॉट ४. कोरं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि मग हा उत्कलनबिंदू डॉट ३ मध्ये १४० आणि डॉट ४ मध्ये १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून वर्षापूर्वी उघडलेली अर्धी बाटली कोकणातल्या दमट हवेत फडताळात पडून असेल तर ती वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

नुसते शू बदलताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि डबीतली पातळी वर येते. काठोकाठ भरलेली असेल तर आधी थोडं काढून घ्या.

एकाच चाकाचे शू बदलले तर?

नाही. दोन्ही बाजूंचे एकदम. एका बाजूची पकड जास्त झाली की ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते.

शू कुठून घ्यायचे? जुन्यावरच लायनर मारून मिळतो ना?

ट्रक आणि जुन्या जीपच्या शूवर रिव्हेट मारून नवीन लायनिंग लावण्याची पद्धत अजून आहे. छोट्या गाडीच्या चिकटवलेल्या शूसाठी त्या वाटेला जाऊ नका, चिकटवणं नीट झालं नाही तर लायनिंगची पट्टी सुटून ड्रममध्ये अडकते आणि चाक जाम होतं. गाडीच्या कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रेक उत्पादकाचे शू अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. दुकानात फक्त 'वॅगनआरचे द्या' म्हणू नका, एकाच नावाच्या गाडीचे अनेक अवतार येऊन गेलेत. चॅसी नंबर सांगा आणि जुना शू शेजारी ठेवून भोकं जुळवून बघा.

पहिल्यांदा रस्त्यावर कसं काढायचं?

गाडी उभी असतानाच पेडल दाबून ते कडक लागतं ना, बघा. मग गल्लीतच पायी चालायच्या वेगाने ब्रेक मारा, हँडब्रेकही तपासा. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या, ड्रमला स्पर्श करू नका. एक बाजू दुसरीपेक्षा खूप तापलेली असेल तर त्या बाजूची फट कमी आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, लायनिंगला ड्रमच्या गोलाईवर पूर्ण बसायला वेळ लागतो. तेवढ्यात कसारा किंवा आंबा घाट उतरायचा बेत असेल तर पुढे ढकला. नंतरही घाटात खालच्या गिअरमध्येच उतरा. ड्रम तापला की पसरतो, शूपासून दूर जातो, आणि जपून लावलेली फट उतारावरच वाढते. चाकाचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्कला तपासा.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी होती, आता मागची चाकं हलतच नाहीत. शू खराब झाले का?

बहुधा नाही. हँडब्रेक ओढून ठेवला की ओलीमुळे शू गंजाने ड्रमला चिकटतात. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकत गाडी हलकेच मागेपुढे डोलवा, बऱ्याचदा 'टक्' असा आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमवर लाकडी ठोकळ्याने ठोका. अॅक्सिलरेटर दाबून जबरदस्ती केली तर लायनिंग शूवरून उपटून निघतं. पुढच्या वेळी सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअरमध्ये, चाकांना ओट लावून गाडी ठेवा. बाहेर काढल्यावर पहिले काही ब्रेक हलके मारा. खरखर तेवढ्यात थांबली तर ड्रमवरचा वरवरचा गंज होता. दहा किलोमीटरनंतरही येत राहिली तर ड्रम उघडा, लायनिंगचा तुकडा सुटलेला असू शकतो.